पदर येतोय मागून

आजच्या गोष्टीचा शेवट मी सांगायच्या आधी तुम्ही ओळखायचा. बघा जमतंय का. एक मामी आहे, तिची भाची आहे, भाचीचं लग्न आहे. आणि नवरीच्या मागं उभं राहून दिवा कुणी धरायचा, यावरून सगळा तंटा आहे. सांगा बघू, शेवटी दिवा कुणाच्या हातात? हां, सगळे एकदम ओरडू नका, गोठ्यातली म्हस उठंल. "मामीच्या" म्हणणारे या अंगाला व्हा. "मामीच्या नाही" म्हणणारे त्या अंगाला. आता कुणी अंग बदलायचं नाही. तुमचा बाप ही गोष्ट रोज ऐकायचा आणि रोज चुकायचा. हूं म्हणा आता.

एक होती हौसा, आणि एक होतं तिचं इरकल.

हौसाला नवरा होता, सासू-सासरा होता, शेळ्या होत्या. पण गावात कुणी विचारलं, कोण गं ही हौसा, तर लोक सांगायचे, "ती नाही का, इरकलवाली." कारण काय, तर बारसं असो, लग्न असो, पाटलाकडची पूजा असो, हौसा आपली त्याच निळ्या इरकलात. लांबून निळं दिसलं की बायका म्हणायच्या, "हौसा आली. पान मांडा."

तशी तिच्या पेटीत आणखी लुगडी होती, बरं का. एक चंद्रकळा होती, काळी कुळकुळीत. पण लग्नाला काळं कोण नेसतं? एक पिवळं होतं. पण पिवळं नवरीचं. पाहुणीनं नेसलं तर भटजी हिलाच पाटावर उभी करायचा. एक हिरवं होतं, ते उंदरानं खाल्लेलं. आणि खाल्लं कुठं, तर नेमकं पुढं, निऱ्यांवर. मेल्यानं मागं खाल्लं असतं तर काष्ट्यात तरी लपलं असतं. म्हणजे पेटी भरलेली, आणि नेसायला काही नाही. हे दुखणं बाप्यांना सांगून उपयोग नाही. हौसानं नवऱ्याला विचारलं, "कसं दिसतंय?" तो दोर वळत बसलेला. वर न बघता म्हणला, "झ्याक दिसतंय." तिनं अजून पेटीसुद्धा उघडली नव्हती.

मग ऐका. हौसाची नणंद गावातच दिलेली, वरच्या आळीला. नणंदेची थोरली लेक मंजुळा. पोर मामीच्या कडेवर वाढलेली. तिचं लग्न ठरलं. आता त्या गावची रीत अशी, की नवरी पाटावर उभी राहिली की तिच्यामागं मामीनं शकुनाचा दिवा घेऊन उभं राहायचं. दिवा पदराआड धरायचा. मंगलाष्टकं संपेस्तोवर ज्योत विझू द्यायची नाही. विझली तर अपशकुन. मंजुळा एवढीशी होती तेव्हापासून म्हणायची, "मामी, माझ्यामागं तूच हं." हौसाला दुसरं काही नको होतं. आहेर नको, मानपान नको. फक्त तो दिवा हवा होता.

पण साखरपुड्याला आली मंजुळेची आत्या, राजसबाई. मोठ्या घरी दिलेली. जांभळी पैठणी नेसून आली, आणि पैठणीचा पदर एवढा भरलेला की एकटीनं उचलू नये. तिनं हौसाकडं वरून खाली बघितलं, मग खालून वर बघितलं. म्हणली, "काय गं मामी, मंजुळेच्या बारशाला हेच होतं ना? का जन्मलीसच यात?"

बायका हसल्या. हौसाही हसली. काय करते बिचारी.

मग राजसबाईनं इरकलाचा पदर हातात घेतला आणि उजेडाकडं धरला. पदर विरलेला. त्यातनं अंगणातली चिंच दिसली, चिंचेवरचा कावळाही दिसला. "ह्याच्याआड दिवा राहायचा? वारा इकडनं शिरंल आन् तिकडनं निघंल. जड पदराचं काही नेसून आलीस तर धर बाई दिवा. नाहीतर मी आहेच."

नणंद सापडली मधे. हळूच हौसाच्या कानाशी आली. "हौसावैनी, बघा की काहीतरी."

हौसा घरी आली. पेटी उघडली, पेटी मिटली. परत उघडली. काय बदलणार होतं?

आता त्या गावाच्या ओढ्याला एक डोह होता. डोहात साती आसरा राहायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, सात बहिणी. दिसत नाहीत, पण असतात. तू हसू नको, पोहायला जाशील तेव्हा पाय धरतील. तर गावातल्या म्हाताऱ्या सांगायच्या, नडलेल्या बाईला आसरा नेसायला देतात. मग हौसानं काय केलं, हळदीच्या दिवशी तांबडं फुटताना डोहावर गेली. पाण्यात ओटी सोडली. म्हणली, "आसराबायांनो, भाचीचं लग्न आहे. नेसायला काही नाही."

डोहातनं बुडबुडे आले. मग आवाज आला, "पेटीत लुगडी आहेत की तुझ्या."

"आहेत. पण नेसायला काही नाही."

डोहात खसखस पिकली. एकजण म्हणली, "आमचंही तसंच असतं गं." दुसरी म्हणली, "द्या तिला." तिसरी म्हणली, "माझं नका देऊ." आणि पाण्यावर एक घडी तरंगत आली. डाळिंबी लुगडं, आणि पाण्यातनं येऊन कोरडं ठाक.

"सांजेला परत आण," आवाज आला. "आणि घडी आपल्या हातानं मोडू नको. दुसरीकडनं मोडून घे. दर खेपेला नवी बाई बघ."

ही रीत आपल्यातही आहे, बरं का. नवं लुगडं आलं की आधी दुसरीला द्यायचं, घे गं, घडी मोड म्हणायचं. तिनं नेसायचं, घटकाभर मिरवायचं, मग आपण नेसायचं. लुगड्याला आधी दुसऱ्याची हौस लागावी म्हणून. तुमची आई नाही का मावशीला देत? देते. तोंड वाकडं करते, पण देते.

मग हौसा घरी आली, म्हणली, "सासूबाई, घडी मोडा."

म्हातारी आधी नको नको म्हणली. मग नेसली. आणि काय सांगू, कमरेत वाकलेली म्हातारी उसासारखी सरळ उभी राहिली. सासरा ओसरीवर पान खात होता, त्याचं पान तोंडात तसंच राहिलं. शेळ्या ओरडायच्या थांबल्या.

"झालं, सासूबाई. आता सोडा."

"सोडते की. जरा आडापर्यंत जाऊन येते."

आड कुठं, तर परड्यात. म्हातारी गेली ती गावाला वळसा घालून दुपारी आली. मग हौसा नेसली आणि हळदीला गेली. सगळ्या बायका बघायला लागल्या. आज कुणी "पान मांडा" म्हणलं नाही, सगळ्या "ये गं, बस गं" म्हणल्या. हौसाला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात हळद लावता लावता एकजण म्हणली, "छान आहे हो. पण सकाळी तुमच्या सासूच्या अंगावर बघितलं ना, तिला लई खुलत होतं."

हौसा हसून पुढं सरकली. पण एक काटा रुतला.

दुसऱ्या दिवशी वराकडची मंडळी वेशीवर यायची होती, त्यांना सामोरं जायचं होतं. हौसा परत डोहावर. या खेपेला आलं मोरपंखी लुगडं. ते दिलं शेजारणीला, तुळसाला. तुळसा म्हणजे शेवग्याची शेंग. तिच्या अंगावर लुगडं असं बसलं की जणू विणणारानं तिचंच माप घेतलेलं. "वैनी, एकदा फक्त माझ्या बहिणीला दाखवते," म्हणली आणि जी पळाली, हौसा तिला आळी आळी शोधत फिरली. शेवटी वेशीबाहेरच्या देवळामागं सापडली. तिथं बायकांचा घोळका, आणि मधोमध तुळसा गोल गोल फिरून काठ दाखवतेय.

हौसानं ते नेसलं आणि वेशीवर गेली. वरमाय गाडीतनं उतरली. हौसानं वाकून पाय धुतले. वरमाय म्हणली, "मघाशी गाडीतनं लांबनं एक शिडशिडीत बाई दिसली, ती हेच नेसलेली ना? तिची जुनी तुम्हाला देते वाटतं?"

झालं. आता काट्याचा खुंट झाला.

तिसरा दिवस लग्नाचा. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे गुरं घरी येतात ना, त्या वेळेचा. हौसा पहाटे डोहावर गेली. आज बुडबुडे जरा जास्तच आले. आतनं काही भांडण चाललेलं. "तेच द्यायचं का गं?" "द्या, दिवा धरायचाय तिला." मग अंजिरी रंगाची घडी वर आली. आवाज म्हणला, "ह्याचा पदर असा आहे, बाई, की वारा त्याला वळसा घालून जातो. दिवा हलायचासुद्धा नाही. लग्न सांजेचं, म्हणून उद्या परत आणलंस तरी चालंल. फक्त घडी मोडून घे."

घरी आणून हौसानं घडी पाटावर ठेवली. घडीच्या आत कुठंतरी पदर होता. फटीतनं नुसता उजेड सांडत होता, जणू आत कुणी समई लावलीय. हौसा समोर बसली. घडी कुणाकडनं मोडावी? सासूबाई झाल्या. तुळसा झाली. कासारीण? ती बांगड्या घेऊन दारोदार फिरते, लुगडंही दारोदार फिरंल. कुंभारीण? चिखलाचे हात. पाटलीण? ती नेसली तर परतच द्यायची नाही. विचार करता करता दुपार टळली. सगळ्या बायका वरच्या आळीला मांडवात गेल्या. खालच्या आळीत बाई म्हणून राहिली नाही.

आणि दारात कोण उभी? राजसबाई!

"मामी, आहेस का? वैनीनं धाडलंय मला. दिवा घासून ठेवलाय म्हणली, लवकर ये म्हणली." आणि तिची नजर गेली पाटाकडं. "अगंबाई! काय चमकतंय? नवीन घेतलंस का गं? आण की, घडी मोडते."

बघा हं. पुढं होऊन मागितली तिनं. नवी बाई, आयती दारात. आता हौसानं काय करायला हवं होतं? आणि काय केलं? चट्कन घडीवर जाऊन बसली.

"कसलं नवीन, अक्का. गोधडी आहे."

"चमकणारी गोधडी?"

"ऊन पडलंय तिच्यावर."

ऊन मागच्या परड्यात होतं. राजसबाईनं एकदा परड्याकडं बघितलं. पैठणीचा पदर सावरला आणि गेली.

हौसानं कडी लावली. हात धुतले. म्हणली, कोण बघतंय? दोनदा दुसरीनं नेसलेलं नेसले. आज माझ्या भाचीचं लग्न, आज माझ्या हातानं. आणि तिनं घडीचं टोक धरून ओढलं.

टोक कमरेला बांधलं. गाठ मारली. निऱ्या घातल्या. काष्टा घातला. मग पदर घ्यायला मागं हात नेला. पदर काही येईना. अजून ओढलं. कापड आलं, पदर नाही. मग आणखी निऱ्या घातल्या. तरी कापडच. मग कमरेला वेढे घेतले, एकावर एक. हौसा कोबीच्या गड्ड्यासारखी झाली. आणि पाटावर बघते तर घडी जशीच्या तशी! बोटभरही कमी नाही.

घाबरली. सोडावं म्हणलं तर गाठ सुटेना. दातानं ओढली, नखानं ओढली. गाठ आपली दगडासारखी. तिकडं वरच्या आळीला ताशा वाजायला लागला.

मग काय, वेढे उलगडून टाकले, कापड खांद्यावरून मागं सोडलं आणि निघाली तशीच. दारातनं बाहेर आली, कापड मागनं येतंय. आळीतनं चालली, कापड मागनं येतंय. कोंबड्या त्याच्यावरून चालल्या, कुत्रं त्याच्यावर बसून चार पावलं फुकट फिरलं. एक म्हातारा पारावर बसला होता. म्हणला, "सूनबाई, पदर पडला तुझा."

हौसा मागं न बघता म्हणली, "पडला नाही, मामंजी. येतोय मागून."

पिंपळापाशी आली आणि खाटकन थांबली. पुढं जाता येईना. मागं वळून बघते तर पाटलाची म्हस कापडावर ऐसपैस बसलेली, रवंथ करतेय. हौसानं ओढलं. म्हशीनं कान हलवला. बस्स, तेवढंच.

तिकडं मांडवात ओरडा सुरू झाला. भटजी म्हणतोय मुहूर्त जवळ आला, नवरीला आणा. मंजुळा म्हणतेय, "दिव्याशिवाय मी पाटावर पाय ठेवायची नाही. मामी कुठाय?" वराकडची मंडळी कुजबुजायला लागली. गोरज टळला तर लग्नच परत न्यावं लागायचं. नणंदेनं तुळसाला पिटाळलं, "पळ गं, वैनीला बघ."

तुळसा पळत पिंपळापाशी आली. लांबच लांब अंजिरी कापड बघितलं, म्हस बघितली, हौसा बघितली.

"वैनी, घडी कुणी मोडली?"

हौसा निऱ्या चाचपायला लागली.

"वैनी!"

"मीच."

तुळसानं कपाळाला हात लावला. पण कामाची बाई. तिनं म्हशीच्या शेपटीला पीळ दिला. म्हस उठली. कापड मातीला लागू नये म्हणून तुळसानं त्याचे दोन वेढे आपल्याच लुगड्यावरून कमरेला घेतले आणि ते खांद्यावर टाकलं. आणि काय नवल! तेवढं कापड निमूट झालं. मागं घडीतनं नवीन यायचं जरा थांबलं.

"वैनी, ह्याला बायका लागतायत," तुळसा म्हणली आणि तिनं वरच्या आळीकडं तोंड करून हाळी दिली.

मग सासूबाई आल्या. सुनेकडं बघितलं, म्हणल्या, "हौसच लई. नाव ठेवणारानं बरोबर ठेवलं." आणि मागं पार दारापाशी जाऊन दोन वेढे घेतले. मग कासारीण आली, तिनं घेतले. कुंभारीण आली, तिनं चिखलाचे हात आधी पुसले, मग घेतले. पाटलीण आली. आचाऱ्याच्या हाताखाली पुऱ्या लाटणाऱ्या बायका पिठाच्या हातानं आल्या. मांडवातल्या सगळ्या बायका उठून आल्या. एकच लुगडं, आणि त्यात सगळ्या! पिंपळापासनं हौसाच्या दारापर्यंत रांग लागली. लग्नाला जाताना बाईला भीती कसली असते, सांगू? की दुसरी कुणी तसलंच नेसून यायची. इथं तर अख्खा गाव तसलंच नेसून उभा.

सगळ्यांत मागं सासूबाई होत्या, दारापाशी. त्यांनी घरात डोकावून बघितलं आणि ओरडल्या, "सूनबाई, घडी अजून आहेच गं! एका बाईची कमी आहे. कुणापासनं लपवलीस?"

रांगेतल्या सगळ्या बायांनी हौसाकडं बघितलं.

हौसाला ठाऊक होतं. आणि आणखी एक गोष्ट ठाऊक होती. जी घडी मोडंल, पदर तिच्याकडं जायचा. आणि पदर जिचा, दिवा तिचा. वरनं गुरांच्या घंटा ऐकू यायला लागल्या. गुरं परतीला लागली होती. मांडवात मंजुळा हट्टानं उभीच.

हौसानं डोळे मिटले, उघडले. म्हणली, "तुळसा, हाक मार. नको, मीच मारते." आणि तिनं मोठ्यानं हाक दिली, "राजसअक्का! या हो. घडी मोडायला या."

नवरी आणि तिची आई सोडली तर मांडवात एकच बाई उरली होती, ती आली. डुलत डुलत आली. सगळी रांग बघत, एकेकीला ओलांडत खाली हौसाच्या घरात शिरली. पाटाकडं बघून म्हणली, "हीच का ती गोधडी?"

"हीच, अक्का. मोडा आता," हौसा पिंपळापासनं ओरडली.

"थंडी तर नाही पडली."

"मोडा हो! गुरं आली!"

राजसबाई हसली. पण हसणं वाईट नव्हतं, खरं सांगते. ती पाटापाशी बसली, घडीला आधी हळदकुंकू लावलं, आणि मग दोन्ही हातांनी घडी मोडली. आणि आला पदर! जरीचा, आणि जरीत चांदणं, चांदण्यात मोर, मोरांच्या चोचीत मोती. राजसबाईनं तो खांद्यावरून पुढं घेतला. पैठणी खाली लपून गेली, तिची तिला आठवणसुद्धा राहिली नाही.

आता मांडवात जायचं कसं? सगळ्या एकीला एक जोडलेल्या. कात्री लावायची कुणाची छाती, आसरांचं लुगडं ते. मग पदरवाली पुढं निघाली, कारण दिव्यापाशी पदर हवा. तिच्यामागं सासूबाई, त्यांच्यामागं पाटलीण, अशी अख्खी रांग पिंपळाला वळसा घालून उलटी फिरली. आणि मघाशी सगळ्यांच्या पुढं असलेली हौसा झाली शेवटची.

गुरं वेशीत शिरली आणि राजसबाई मांडवात शिरली. नणंदेनं दिवा तिच्या हातात दिला. मंजुळेनं मागं वळून बघितलं. दिवा होता, पदर होता, मामी नव्हती. भटजी म्हणला, "चला, चला." अंतरपाट धरला.

मांडव भरला तरी रांग संपेना. हौसा मांडवाच्या बाहेरच राहिली, वहाणांच्या ढिगाशेजारी. तिला पाठीच पाठी दिसत होत्या. तिनं पुढच्या तुळसाला विचारलं, "मंजुळा रडली का गं?" तुळसानं पुढं विचारलं, तिनं पुढं. एक मंगलाष्टक झालं, दुसरं झालं, तेव्हा उत्तर मागं आलं, "अजून नाही." मग हौसानं विचारलं, "दिवा कसा आहे?" तिसरं झालं, चौथं झालं, उत्तर आलं, "हलत पण नाही." हौसा म्हणली, "बरं झालं." अक्षता आल्या तेव्हा तिनंही टाकल्या, जोरात टाकल्या. त्या पोचल्या एका पाहुण्याच्या टकलापर्यंत.

पंगतही एकाच लुगड्यात बसली. एकीला ठसका लागला की सगळी रांग हलायची. जिलेबी वाढता वाढता कासारणीपाशी संपली. हौसाला वरण-भात मिळाला. तुम्ही हसा, पण तिनं तो पोटभर खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी रांगेनं डोहावर गेल्या. पदर पाण्यात टाकला आणि एकेक वेढा आपोआप सुटत गेला. शेवटी हौसाची गाठ सुटली. डोहातनं आवाज आला, "सातजणींत एकच राहिलं होतं गं चांगलं." दुसरा आवाज आला, "आता मी नेसते." "नाही, मी." मग बुडबुडेच बुडबुडे. बायका हसत घरी आल्या.

मंजुळा सासरी नांदली, नवरा गुणाचा मिळाला. तुळसाला तुळसाच्या मापाचं मोरपंखी लुगडं तिच्या नवऱ्यानं घेऊन दिलं. राजसबाई आणि हौसा भेटल्या की एकमेकींना "काय गं गोधडी" म्हणून हाक मारायच्या आणि एकाच ताटात जेवायच्या. हौसा इरकलातच राहिली. पुढं कधी नवं लुगडं आलं तर आधी सासूबाईंना देई, न बोलता. सगळ्यांचं चांगलं झालं, तुमचंही होईल, आता पाय आत घ्या आणि पांघरूण ओढा. "मामीच्या" म्हणणारे हरले, त्यांनी कडेला झोपायचं.

काय? हौसानं आपल्या हातानं घडी मोडली, त्याची किंमत? ती राहिलीच की. त्या गावात आणखी एक रीत आहे. थोरलीच्या लग्नात दिवा ज्या हातानं धरला, धाकट्यांच्या लग्नातही त्याच हातानं धरायचा. मंजुळेच्या पाठीवर तिघी बहिणी होत्या. तिघींचीही लग्नं झाली, तिघींच्याही मागं दिवा धरला राजसबाईनं. हौसा मामी होती, सख्खी मामी, आणि दर खेपेला अक्षता घेऊन मागं उभी राहिली. दिवा तिच्या हातात कधी आला नाही.